घडाची पिशवी

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून यांचं, म्हणजे नानांचं, वॉशिंग सेंटर मी बघते आहे. नानांच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेला अकरा दिवस झाले. डॉक्टरांनी दीड महिना घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं आहे, आणि यांचं चित्त सगळं गाड्या धुण्याच्या रॅम्पवर. दर अर्ध्या तासाने फोन. शेवटी म्हटलं, मी जाते. त्यांनी विचारलं, तुला जमेल का. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं, प्रयोगशाळा सांभाळली, एक काचनळी हरवू दिली नाही. गाड्या धुणं जमणार नाही असं का वाटावं?

घरापासून सेंटर तीन गल्ल्या. सकाळी आठला पोचले. आत दोन माणसं. एक वना, दोनचाकी धुतो, चाळिशीचा, तोंड सतत चालू. दुसरा चिंधा. चिंधा एकोणीस वर्षं आहे. साक्रीकडचा, अट्ठावन्न-साठचा असेल. सेंटरमागच्या खोलीत राहतो. बायको गावाला शेत बघते. बोलतो कमी, आणि जे बोलतो ते अहिराणीत. गिऱ्हाईक आलं की आधी विचारतं नाना कुठे, आणि मग चिंधा कुठे. मला आज कोणीच काही विचारलं नाही.

जागा घाण आहे. उद्यापासून बघते.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस साफसफाई. कोपऱ्यात काय नव्हतं: फाटकी पायपुसणी, झाकण नसलेले डबे, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, खताच्या गोणीतला आतला प्लास्टिकचा कागद, तोही काळा कुळकुळीत, ग्रीसने माखलेला. सगळं फेकलं. शाम्पूच्या, पॉलिशच्या बाटल्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावल्या. गाडी घेताना आणि देताना वेळ लिहायची, दिलेली वेळ पाळायची, हा नियम वहीत लिहून दोघांना वाचून दाखवला.

वना म्हणाला, अक्का, आता प्रार्थना पण घ्या सकाळची. मी त्याच्याकडे बघितलं. तो बादली भरायला गेला.

चिंधा कचऱ्याच्या ढिगाशी बराच वेळ उभा होता. काही हवं आहे का, विचारलं. मान हलवून नाही म्हणाला.

८ फेब्रुवारी, शनिवार

भूपेंद्र आला. माझ्या भावाचा, हितेंद्रचा मुलगा. मुक्ताईनगरजवळ आमच्या माहेरची केळी आहे, ती आता तोच बघतो. रविवारी सोळा तारखेला धुळ्याला त्याचा साखरपुडा. पंधराला सगळे आमच्याकडे मुक्कामाला येणार आणि सकाळी इथून निघणार.

पण तो आला होता गाडीसाठी. काळी गाडी. तिच्यावर याने बागेतल्या एखाद्या वाफ्यापेक्षा जास्त वेळ घालवला आहे. बॉनेट उघडून दाखवलं. कंपनीने हवेचं फिल्टर बंद डब्यात दिलेलं असतं. याने तो डबा काढून टाकला आणि बाहेरून आणलेलं एक शंकूच्या आकाराचं लाल फिल्टर उघड्यावर बसवलं. त्याने म्हणे इंजिन मोकळा श्वास घेतं. सुरू करून ऐकवलं. दमलेल्या बैलासारखा आवाज. मी म्हटलं, यासाठी पैसे दिलेस?

हसला. म्हणाला, मुलीचा भाऊ गाड्यांचा शौकीन आहे, पहिलं बॉनेटच उघडायला लावेल, तेव्हा इंजिनसुद्धा चकचकीत हवं. फोम, वॉश, सगळं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "बाकी काही कर आत्या, फक्त याच्यात पानी नको जाऊ देजो."

मी शब्द दिला.

चिंधा मागून बघत होता. भूपेंद्र गेल्यावर म्हणाला, "अक्का, गाडीनं नाक उघडं शे." एवढंच. मी म्हटलं, दिसतं आहे मला. झाकायला काय घेतोस तू अशा वेळी? तो म्हणाला, गोणीतला प्लास्टिकचा कागद असायचा, वरून ट्यूबची पट्टी आवळायची. मी विचारलं, कुठे आहे? त्याने रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं. मग मला आठवलं.

असो. तो कागद तसाही किळसवाणा होता. यापेक्षा चांगलं काही शोधते.

१० फेब्रुवारी, सोमवार

सापडलं, आणि घरातच. गेल्या महिन्यात हितेंद्रने परसातल्या डाळिंबांना घालायला म्हणून स्कर्टिंग बॅगांचा गठ्ठा पाठवला होता. केळीच्या घडावर चढवतात त्या पांढऱ्या लांब पिशव्या, कापडासारख्या मऊ. थंडी, धूळ, किडे काही घडाला लागत नाही. पिशवीचं तोंड मोठं, खालून दोरीने बांधता येतं, नवी कोरी, स्वच्छ. शंकूच्या फिल्टरसाठी जणू मापाने शिवलेली. चोवीस आहेत.

वापरण्याआधी तपासलं. न तपासता मी काहीच वापरत नाही. पिशवीत जुन्या वर्तमानपत्राचा बोळा घालून वरून तांब्याने पाणी ओतलं. अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळून गेलं. कागद कोरडा.

सेंटरवर नेऊन दोघांना दाखवलं. वना म्हणाला, अक्का, गाडी पिकवायची आहे का? चिंधाने पिशवी हातात घेतली, उजेडासमोर धरली, तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली. म्हणाला, "तांब्यानं पानी येगळं शे, अक्का. गननं पानी येगळं शे."

मी त्याला सांगितलं की तांब्यातलं असो की प्रेशरच्या गनमधलं, पाणी हे पाणीच असतं, आणि मी विज्ञानाची पदवीधर आहे. त्याने पिशवी घडी करून परत दिली. घडी मात्र व्यवस्थित घातली होती.

जुन्या माणसांना नवीन काही पटवणं अवघड असतं. शाळेतही हाच अनुभव.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नानांना आज वॉकरवर बारा पावलं चालवलं. सेंटरची हकीकत रोज विचारतात. मी सांगते त्यातलं निम्मं त्यांना आधीच ठाऊक असतं. वना फोन करत असणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दमले आहे, पण लिहून ठेवते.

भूपेंद्रने सकाळी अकराला गाडी आणून दिली. पाचची वेळ दिली होती. बाकी गाड्या वनाकडे सोपवून चिंधाला या एकाच गाडीवर ठेवलं. इंजिन थंड होऊ दिलं. पिशवी मी स्वतः चढवली, दोरी मी स्वतः बांधली. मग फोम, ब्रश, आणि गन.

चिंधा गन लांबून धरत होता, आणि फिल्टरच्या बाजूला तर नेतच नव्हता. त्यामुळे त्या कोपऱ्यात बागेतली काळी माती तशीच चिकटलेली. नेमकं तिथेच पाहुण्यांचं लक्ष जाणार. मी त्याला जवळून मारायला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. पुन्हा सांगितलं, तेव्हा मारलं. माती निघाली. इंजिन असं दिसायला लागलं की त्यात तोंड बघावं.

पिशवी सोडल्यावर त्याने फिल्टरला हात लावला आणि म्हणाला, आज गाडी देऊ नका, हे काढून रात्रभर वाळू द्या, सकाळी बसवून देतो. मी म्हटलं, सकाळी सातला निघायचं आहे, आणि पाचची वेळ मी दिली आहे. फिल्टरची मुळीच काळजी नको, ते झाकलेलं होतं. तरी याचं चालूच. भूपेंद्र आल्यावर त्यालाही बाजूला घेऊन काहीतरी सांगू लागला, गाडी थोडा वेळ उभी ठेवा वगैरे. मी मध्येच थांबवलं. घरच्या माणसासमोर आपल्या कामाबद्दल शंका काढणं मला आवडत नाही. गाडी ठरल्या वेळी, पाच वाजता गेली. घरासमोर उभी आहे. हितेंद्र, वहिनी, सगळे आले आहेत, बाहेर गप्पा चालल्या आहेत.

एक गोष्ट. वापरलेली पिशवी मी वाळत घालणार होते. मिळाली नाही. चिंधाला विचारलं तर म्हणाला, उडाली असेल. वारा कुठे होता? वस्तू जपून ठेवण्याची सवय या माणसाला एकोणीस वर्षांत लागलेली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

साखरपुडा झाला. मुलगी चांगली आहे. एवढं लिहून थांबावं असं वाटतं.

सकाळी गाडी सुरू होताना खोकली. भूपेंद्र म्हणाला, गारठ्याने. मी, हितेंद्र आणि वहिनी त्याच गाडीत. एरंडोल सोडलं तशी ती गचके द्यायला लागली, आणि पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला जाऊन गप्प झाली. पेटेचना. बाकीच्यांची गाडी आधीच पुढे निघून गेली होती. आम्ही भरजरी कपड्यांत एका बाभळीखाली उभे. तासाभराने पारोळ्याहून मेकॅनिक आला. त्याने ते लाल फिल्टर काढलं आणि आमच्यासमोर हाताने पिळलं. ओलं धोतर पिळावं तशी धार पडली. म्हणाला, सेन्सर भिजला आहे, आज होणार नाही.

हितेंद्रने तिथेच विचारलं, गाडी धुतली कोणी?

मी म्हणाले, चिंधाने.

हे खोटं नाही. गन त्याच्याच हातात होती.

एका मालवाहू जीपने धुळ्याला गेलो, अडीच तास उशिरा. मुलीचे वडील सभ्य माणूस, त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. त्यांच्याकडच्या बायका मात्र हळू आवाजात पुरेसं बोलल्या. मुलीच्या भावाने विचारलं, गाडी कुठे आहे? भूपेंद्रचा चेहरा बघवला नाही. परतताना हितेंद्र म्हणाला, असा माणूस ठेवताच कशाला तुम्ही. मी गप्प बसले. खिडकी उघडी होती, वाऱ्याने डोकं दुखत होतं.

पिशवी होती. मी स्वतः बांधली होती. मग पाणी गेलं कुठून? दोरी चिंधाने सैल केली असेल का?

१७ फेब्रुवारी, सोमवार

भूपेंद्र दुपारी सेंटरवर आला. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर तो चिंधाला बोलला. वाईट शब्द वापरले नाहीत, पण आवाज मोठा होता. एवढी वर्षं गाड्या धुतोस आणि फिल्टर झाकायचं कळत नाही? माझ्या साखरपुड्याचा तमाशा केलास.

मला वाटलं, चिंधा आता माझ्याकडे बोट दाखवेल. उत्तर तयार ठेवलं होतं. पण त्याने हात पुसले आणि म्हणाला, "चूक झायी, भाऊ."

म्हणजे त्याने कबूल केलं. मग प्रश्न संपला.

संध्याकाळी नानांना सगळं सांगितलं. हितेंद्रचाही फोन येऊन गेला होता त्यांना. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू होतीस ना तिथे?" हो म्हटलं, शेवटपर्यंत होते. त्यांनी मान वळवली आणि पाणी मागितलं. तांब्या उशाशीच होता.

मी चिंधाला सांगितलं की काही दिवस गावाला जाऊन ये, जरा वातावरण निवळू दे. रागावून सांगितलं नाही. तो 'बरं अक्का' म्हणाला, वळकटी बांधली, खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. सहाची बस पकडली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून सात जणांनी विचारलं, चिंधा कुठे आहे. तिघे गाडी न धुताच परत गेले.

वनाचं तोंड तीन दिवस बंद आहे. आज मीच विचारलं. त्याने फोन पुढे केला. भूपेंद्र ज्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर आहे, तिथे त्याने पिळलेल्या फिल्टरचा फोटो टाकला आहे, खाली चिंधाचं नाव, आणि 'याच्या हातात गाडी देऊ नका'. त्यावर साठ-सत्तर जणांची मतं. मला चिंधाचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं, ते त्या मजकुरात वाचलं.

वनाने आणखी एक सांगितलं. धुळे रस्त्यावरचं एक मोठं सेंटर चिंधाला कितीतरी वर्षं बोलावत होतं. नानांना सोडून तो गेला नाही. परवा बसस्टँडवरून त्याने तिथे फोन केला. त्यांनी सांगितलं, आता नको.

झोप येत नाही असं कधी होत नाही मला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज दुपारी मी गन हातात घेतली. वनाला सांगितलं, जेवायला जा. तो गेला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला.

नवी पिशवी घेतली. आत कोरडा वर्तमानपत्राचा बोळा, दोरी घट्ट. रॅम्पच्या लोखंडाला टांगली. आधी लांबून मारलं. मग त्या दिवशी सांगितलं होतं तसं, जवळून. तीन-चार सेकंद. बंद केलं, पिशवी सोडली. कागदाचा लगदा झाला होता. अक्षरं एकमेकांत मिसळली होती.

दुसरी पिशवी घेतली. तेच. तिसरीलाही तेच.

पिशवी तोंडाला लावून फुंकर मारली. श्वास आरपार गेला, समोर धरलेल्या तळहाताला लागला. चिंधाने हेच केलं होतं.

मी तांब्याने तपासलं. गाडी तांब्याने धुतली जात नाही. हे आठवीच्या मुलीला कळलं असतं. प्रयोग ज्या परिस्थितीत वापरायचा, त्या परिस्थितीत करून बघावा, हे मी मुलींना किती वेळा ऐकवलं असेल. पिशवी मी निवडली. पिशवी मी बांधली. जवळून मारायला मी सांगितलं, दोनदा. वाळू द्या म्हटलं तेव्हा वेळेचा नियम मी पुढे केला. आणि विचारलं तेव्हा नाव चिंधाचं घेतलं.

वनाला विचारलं, त्या दिवशीची पिशवी कुठे गेली ते ठाऊक आहे का? म्हणाला, भूपेंद्रभाऊ यायच्या आधी चिंधाने ती बनियनमध्ये खोचली आणि मागे नेऊन चुलीत घातली. कशाला, ते मात्र त्याने सांगितलं नाही. पायात येऊ नये म्हणून असेल.

नानांना रात्री जेवताना सगळं सांगितलं. ते भाकरी मोडत राहिले. आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. गोळ्यांची गुंगी असते त्यांना.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भूपेंद्रला बोलावून घेतलं. पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, तुझं फिल्टर मी यात बांधलं होतं.

त्याने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्चीत बसून हसत सुटला. "काय वं आत्या! घडाले श्वास लागतो. म्हणून तं ही पिशवी. बंद प्लास्टिक घातलं तर घड सडून जाईल ना." आमच्या बागेतला गडीही हे सांगू शकला असता, म्हणाला. खरं आहे. माझ्या माहेरी तीन पिढ्या केळी आहे. मी शिकायला बाहेर पडले तेव्हा घडावर पिशव्या नव्हत्या, आणि त्यानंतर मी बागेत गेले ती फक्त पाहुणी म्हणून.

हसणं थांबल्यावर त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, म्हणजे चिंधा...

मी म्हटलं, हो. आता तो फोटो टाकलास तिथेच लिही की चूक माझी होती. माझं नाव घालून.

इथे तो अडला. म्हणाला, झालं गेलं, आत्या. त्या ग्रुपवर मुलीचा भाऊपण आहे. आपल्याच घरच्या माणसाने केलं असं कळलं तर अजून हसतील. चिंधाला मी हवं तर भेटून सॉरी म्हणतो. त्याने हितेंद्रला फोन लावला. हितेंद्र म्हणाला, अक्का, एका गाडी धुणाऱ्यासाठी व्याह्यांसमोर घराचं नाव का घालवतेस? चार दिवसांनी लोक विसरतात.

मी विचारलं, काय विसरतात? त्याचं नाव?

हितेंद्र माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे. त्याला पाढे मी शिकवले.

मग मी सांगितलं आणि भूपेंद्रने टाइप केलं. तीन वाक्यं. 'पंधरा तारखेला गाडीच्या फिल्टरला चुकीची पिशवी मी बांधली आणि गन जवळून मारायला मी सांगितलं. चिंधा यांनी दोनदा सावध केलं होतं, मी ऐकलं नाही. चूक त्यांची नाही, माझी आहे.' खाली माझं पूर्ण नाव, आणि सेंटरचा पत्ता म्हणून 'पिंप्राळा'. त्याने विचारलं, 'दोनदा' काढू का? मी म्हटलं, नको.

पाठवताना त्याचा अंगठा थोडा वेळ फोनवर तसाच राहिला. मग पाठवलं. पाच मिनिटांत पहिलं हसू आलं, पिवळ्या चेहऱ्याचं. नंतर मी बघितलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

चिंधाचा फोन बंद. वनाला निरोप पाठवायला सांगितलं होतं. उत्तर नाही. एखाद्याला फोनवर घालवलं नसेल तर फोनवर परत बोलावू नये, असं नाना म्हणाले. बरोबर आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

साक्रीला जाऊन आले. सकाळी सहाची बस, धुळ्याला बदलली, साक्रीहून पुढे काळी-पिवळी जीप. अंग आंबून गेलं आहे, पण आजच लिहिलं पाहिजे.

गाव लहान. घर विचारलं तर एका म्हाताऱ्याने उलट विचारलं, तोच का, गाडी बुडवणारा? म्हणजे फोटो इथेही पोचला होता. माझी तीन वाक्यं पोचली नव्हती.

चिंधा शेतात होता. हरभरा उपटणं चालू आहे. घरी त्याची बायको भिकुबाई. माझ्यापेक्षा लहान, पण हात माझ्यापेक्षा दुप्पट वयाचे. मी कोण ते सांगितलं. तिने पाट दिला, पाणी दिलं, आणि समोर उभी राहिली. बसली नाही. मला वाटलं होतं, रडेल किंवा भांडेल. दोन्हीसाठी मनाची तयारी होती. ती नुसती उभी.

चिंधा आला. हात-पाय धुतले. पहिलं विचारलं ते नानांच्या गुडघ्यांचं. मी सांगितलं, वॉकर सुटला, काठीवर आहेत. बरं वाटलं त्याला.

मग जे सांगायला आले होते ते सांगितलं. तांब्या, पिशवी, तीन वेळा गन मारून बघितलं ते, सगळं. तो जमिनीकडे बघत ऐकत होता. मी विचारलं, भूपेंद्र बोलत होता तेव्हा तू गप्प का राहिलास? माझं नाव का नाही घेतलंस?

तो म्हणाला, "नाना खाटवर शेतस. भूपेंद्रभाऊ तुमना भाचा. मी काय बोलू?"

हे काही उत्तर झालं नाही. खरं बोलायला नात्याची काय अडचण? पण मी पुढे विचारलं नाही. म्हटलं, परत चल. चूक माझी होती हे मी मान्य करते.

त्याने भिकुबाईकडे बघितलं. आल्यापासून ती पहिल्यांदा बोलली. "घरमा सांगं ते घरमाच ऱ्हाई, अक्का. बाहेर सांगा."

मला लगेच कळलं नाही. मग तिने दाराकडे मान केली. ओसरीबाहेर सात-आठ जण जमले होते, शहरातली बाई आली म्हणून. तो म्हाताराही होता. चिंधा म्हणाला, ऱ्हाऊ दे. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

एकतीस वर्षं मी मुलींना उभं करून चुका कबूल करायला लावल्या. बाक सोडून पुढे ये, मोठ्याने बोल, खाली बघू नकोस. त्यांना कसं वाटतं याचा विचार करायला वेळ नसायचा. तास पस्तीस मिनिटांचा.

मी बाहेर ओसरीवर गेले. पायात चप्पल घालायची राहिली. मोठ्याने सांगितलं, माझं नाव काय, मी कोण, आणि गाडीत पाणी कोणामुळे गेलं. चिंधाने मला अडवलं होतं आणि मी त्याला गप्प केलं, हेही सांगितलं. मधे आवाज एकदा फुटला. पाणी प्यायला थांबले नव्हते. पुन्हा सुरुवातीपासून ते वाक्य म्हटलं.

एक बाई पदर सावरून निघून गेली. म्हाताऱ्याने विचारलं, मग गाडी आता चालते का? मी म्हटलं, चालते. "मग ठीक शे," तो म्हणाला, आणि तंबाखू मळायला बसला.

आत आले तेव्हा भिकुबाई चुलीपुढे बसली होती. तिने माझ्यासाठी भाकरी टाकली. चिंधाने सांगितलं, हरभरा निघाला की बघतो. येतो म्हणाला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो हरभऱ्याला घरी आहे, असं भिकुबाई म्हणाली. मी आग्रह केला नाही. जीपपर्यंत तो सोडायला आला, पिशवीभर हिरवा हरभरा हातात दिला, नानांसाठी.

२ मार्च, रविवार

सेंटर चालू आहे, कसंबसं. हितेंद्र बोलत नाही. वहिनीचा फोन आला होता. मुलीचा भाऊ म्हणाला म्हणे, ज्या घरची आत्या स्वतः असं लिहिते, तिथे बहीण द्यायला हरकत नाही. वहिनी हे दोनदा म्हणाली. मला त्यात विशेष काय ते कळलं नाही. चूक होती, लिहिली.

वना पुन्हा बोलू लागला आहे. आज मला म्हणाला, अक्का, सातवीनंतर शाळा सोडली ते बरं केलं मी, नाहीतर मलाही ओसरीवर उभं राहावं लागलं असतं. मी दुर्लक्ष केलं. साक्रीची गोष्ट याला कोणी सांगितली?

१० मार्च, सोमवार

चिंधा आला.

सकाळी आठला मी पोचले तर तो रॅम्पवर होता, जणू काल संध्याकाळीच गेला होता. किल्ली मी दिली नव्हती. वळकटी दाराबाहेर ठेवलेली. मी किल्ली दिली. नऊला एक पांढरी गाडी आली, चालवणारा साठीचा. उतरून त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, आला का? आणि चावी सरळ चिंधाच्या हातात ठेवली.

चिंधाने बॉनेट उघडलं, काय झाकायचं ते झाकलं. कशाने, ते मी विचारलं नाही. बघायला म्हणून जवळ गेले. त्याने गन उचलली, दाबली नाही. थांबला.

"अक्का, मांगे सरा," तो म्हणाला. "भिजशात."

मी मागे सरले.